गव्हातला शर्ट

१

संग्रहालय लोकांसाठी उघडण्याआधी शहाणी एकदा आपलं दालन फिरून यायची. हातात मऊ फडकं, खांद्याला पिशवी. काचांवर आदल्या दिवशीच्या पोरांची नाकं उमटलेली असत, ती पुसायची, कुठे दिवा गेलाय का बघायचं, आणि शेवटी दाराशी उभं राहून सगळ्यावरून एक नजर फिरवायची. स्वतः वाढलेल्या ताटावरून फिरवावी तशी.

शहाणी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ऐन जेवणात "घास गिळला की तो नेमका कुठे जातो?" असं विचारून विचारून तिनं घरादाराचं डोकं खाल्लं होतं. तेव्हा थोरल्या भावानं कोपरापासून हात जोडले, "शहाणे, आधी गिळ तर खरं!" तेच चिकटलं. पुढे ती शिकली, विज्ञान संग्रहालयात मांडणीच्या कामाला लागली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, केस पिकले. नाव तेवढं राहिलं.

हे दालन तिचं लाडकं. जुन्या वैद्यांच्या आणि पंडितांच्या चुकांचं. दारावर पाटी होती, 'फसलेलं शहाणपण'. आत जळवांच्या बरण्या होत्या. कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो असं मानणाऱ्यांनी रेघा मारून ठेवलेलं चिनी मातीचं डोकं होतं. रोग घाणेरड्या हवेतून येतो म्हणून चोचीत सुगंधी पाला भरून हिंडणाऱ्या वैद्याचा मुखवटा होता. बाईचं गर्भाशय जनावरासारखं अंगभर भटकतं आणि म्हणून ती बिथरते, असं सांगणारं चित्र होतं. त्यापुढे उभं राहून बायका खुसुखुसु हसत. शहाणीला या सगळ्या मंडळींची माया वाटे. किती मनापासून चुकले बिचारे!

परक्या माणसाची तीनशे वर्षांपूर्वीची चूक अशी गोडच लागते. घरातली चूक घशाखाली उतरत नाही.

"सगळं मेलेलं आहे हो तुमच्या दालनात," संचालकबाई म्हणाल्या. "पोरं पाच मिनिटांत बाहेर येतात. काहीतरी चालू पाहिजे. होतंय असं."

"उंदीर करू या," शहाणी म्हणाली.

संचालकबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "माझ्या संग्रहालयात?"

"होणार नाहीत, तीच तर गंमत."

मग तिनं ती जुनी कृती सांगितली. एका नावाजलेल्या पंडितानं गंभीरपणे लिहून ठेवली होती. भांड्यात गहू भरा. तोंडाशी घामानं भिजलेला, न धुतलेला शर्ट कोंबा. तीन आठवडे ठेवा. घामाचा वास पालटतो, गव्हाच्या टरफलात शिरतो, आणि गव्हाचे उंदीर होतात. आंधळी, गुलाबी पिल्लं नव्हेत, पूर्ण वाढलेले. याचंच त्या पंडिताला स्वतःलाही नवल वाटलं होतं.

संचालकबाई पोट धरून हसल्या. "करा. पण शर्ट कुणाचा?"

"बघते," शहाणी म्हणाली.

२

घरी दोघीच होत्या, ती आणि वहिनी. दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं.

पोटात दुखतंय म्हणून तो आडवा झाला आणि वहिनीनं गरम पाण्याच्या पिशवीनं शेक दिला. ताप चढला, तरी शेक. शहाणी दुसऱ्या शहरात प्रदर्शन लावायला गेली होती. ती परतेपर्यंत अपेंडिक्स आत फुटलं होतं. "शेकायला नको होतं, आणि इतके दिवस घरी ठेवायला तर मुळीच नको होतं," डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलच्या जिन्यात शहाणी वहिनीला म्हणाली, "तुम्ही मारलंत त्याला." एकदाच म्हणाली. पण एका छपराखाली राहणाऱ्या दोन बायकांना एकदा पुरतं.

त्या आजारात अंगात असलेला दादाचा शर्ट हॉस्पिटलनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला होता. निळ्या रेघांचा. वहिनीनं तो धुतला नाही. पिशवीला गाठ मारून कपाटात ठेवला. रोज दुपारी शहाणीला भिंतीपलीकडून पिशवीची चुरचुर ऐकू येई, मग एक लांब श्वास, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि पुन्हा चुरचुर. सुट्टीच्या दिवशी तर ते ऐकत बसण्यावाचून गत्यंतर नसे. शहाणीचं डोकं तडकायचं. संतापानं की हेव्यानं, हे तिनं कधी तपासून पाहिलं नाही. वहिनीच्या वाट्याला खाट आली, उशी आली, वाससुद्धा आला. बहिणीच्या वाट्याला आलं एक टोपणनाव, आणि त्या नावानं हाक मारणारा गेलेला.

दादाकडे निळ्या रेघांचे दोन शर्ट होते. दुसरा धुतलेला, घडी केलेला, खालच्या कप्प्यात होता. वहिनी बाजारात गेली तेव्हा शहाणीनं तो काढला, दोन रात्री अंगात घालून झोपली, चांगला घामेजू दिला. तिसऱ्या दिवशी पिशवीतला शर्ट बदलला आणि गाठ होती तशी मारली. भावाबहिणीचं रक्त एक, घाम काय वेगळा असणार? आणि वहिनीला काय कळतंय! शिवाय शास्त्रासाठीच घेतला होता. खरा, आजारातल्या घामाचा शर्ट. बाजारात थोडाच मिळतो?

असं तिनं स्वतःला समजावलं आणि तिला ते पटलंही.

३

बरणी वैद्यकीय कॉलेजच्या अडगळीतून आणलेली होती. कमरेएवढी उंच, जाड काचेची. पूर्वी तिच्यात काय ठेवत ते कुणाला सांगता आलं नाही. शहाणीनं ती गव्हानं पाऊण भरली, वर शर्टाचा बोळा कोंबला. सुतारानं काचेचं झाकण बसवून कडेनं पुट्टी भरली. बाहेरचा उंदीर आत शिरायला नको. नाहीतर पंडितच खरा ठरायचा.

पोरांची झुंबड उडाली. शिक्षक पाटी वाचून दाखवायचे आणि 'उंदीर' शब्दाला हशा पिकायचा.

पहिल्या आठवड्यात गहू थोडा खाली गेला. शहाणीनं मनाशी म्हटलं, गहू दबतो. पुढे मधोमध खळगा पडला आणि शर्ट त्यात उतरला. कीड लागली असेल. तिनं भिंग घेऊन काचेभोवती फिरून पाहिलं. किडा नव्हता, भुसा नव्हता, पीठही नव्हतं. गहू कमी मात्र झाला होता.

मग एका सकाळी काचेला आतून वाफ धरलेली दिसली. सगळीकडे नाही. कॉलरच्या समोर, तळहाताएवढी.

गव्हात ओल राहिली असणार. ओल असली की धान्य तापतं, तापलं की वाफ होते. इतकं साधं. ती फडकं घेऊन उभी राहिली आणि पाहता पाहता ती वाफ आक्रसली. पार बोटाएवढी झाली. पुन्हा पसरली. पुन्हा आक्रसली. शहाणीनं आपला श्वास रोखून धरला, तिच्याच श्वासाचा बाहेरून परिणाम होत असेल तर कळावं म्हणून. वाफ पसरली, आक्रसली.

बाहेर पोरांचा कलकलाट ऐकू आला तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

४

"वन्सं," वहिनी जेवताना म्हणाली, "एक विचारू?"

वहिनी आपणहून बोलायची नाही. शहाणीनं मान वर केली.

"त्यांच्या शर्टाला वास येतो."

"येणारच. वर्ष झालं."

"त्यांचा नाही. बाईचा."

शहाणीचा घास तोंडातच राहिला. वहिनी ताटाकडे बघत होती. "आधी वाटलं, मलाच भास होतोय. रोज हुंगते. रोज तीच. दुःखात होते म्हणून इतके दिवस कळलं नसेल मला. माझं नाक चोंदलेलं असायचं ना रडून रडून."

"काहीतरीच काय, वहिनी."

"काहीतरी नाही. शरीराला लागून असल्याशिवाय असा वास उतरत नाही." तिनं ताट सारलं. "कुणाकडे जायचे हो ते?"

तोंड उघडायचं, एक वाक्य बोलायचं, की सगळं मिटत होतं. वाक्य जिभेवर आलंही. पण त्याच्यामागून दुसरा विचार आला: बरंच झालं. निदान त्या पिशवीत तोंड घालून बसणं तरी सुटेल. "मला काय ठाऊक," शहाणी म्हणाली, आणि उठून हात धुतले.

दुपारची चुरचुर थांबली. दादाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला दिसला. मग एकदा शहाणी कामावरून आली तेव्हा फोटोची काच कशानं तरी ओली होती. पाणी नव्हतं ते. शहाणी शेजारी आपल्या खोलीत निघून गेली.

५

बरणीपाशी पोरं हसेनाशी झाली. येत, बघत, आणि शिक्षकांचा हात ओढत पुढच्या काचेकडे जात. इतर सगळ्या काचांवर नाकं उमटत. या बरणीवर उमटत नव्हती.

म्हणून त्या सकाळी एक ठसा दिसला तेव्हा शहाणीला उलट बरंच वाटलं. नाकाचा आणि कपाळाचा, काचेला टेकून कुणी बघत बसावं तसा. तिनं फडकं फिरवलं. ठसा गेला नाही. थुंकी लावून घासलं. गेला नाही.

तो आतून होता.

तिनं सुताराला बोलावलं. त्यानं झाकणाच्या कडेनं नख फिरवलं. "पुट्टी जशीच्या तशी आहे, ताई. मुंगी जाणार नाही."

"गहू बघ किती उरलाय."

"दबतो तो. पोत्यात नाही का दबत?"

"दबतो. पण खांदे कुठून आले?"

"कुणाला?"

"शर्टाला."

सुतारानं बरणीकडे पाहिलं. शर्ट आता बोळा राहिला नव्हता. गव्हात छातीपर्यंत रुतल्यासारखा ताठ होता, आणि कॉलर काचेकडे वळली होती. सुतारानं बराच वेळ पाहिलं. मग शहाणीकडे न बघता तो हत्यारं गोळा करू लागला. "दोन दिवस रजा घ्या, ताई," एवढंच म्हणाला. दाराशी जाताना त्यानं बरणीला पाठ केली नाही, तिरका तिरका चालत गेला.

शहाणीनं संचालकबाईंना सांगितलं असतं तर बरणी त्याच दिवशी उचलली गेली असती. तिनं सांगितलं नाही. कारण तिला आणखी एक गोष्ट कळली होती. झाकणापाशी नाक नेलं की पुट्टीतून वास यायचा. घामाचा, तापाचा आणि त्याखाली दादाचा. लहानपणी त्याच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळताना त्याच्या मानेला यायचा तो. घरात वर्षभर जो भिंतीपलीकडे होता, तो इथे तिच्या एकटीचा होता.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी संग्रहालय बंद असतं. ती किल्ली घेऊन गेली. दुपारचं ऊन वरच्या खिडक्यांतून त्या चिनी मातीच्या डोक्यावर पडलं होतं. तिनं पटाशीनं थोडी पुट्टी खरवडली. अगदी थोडी, वासापुरती. मग आणखी थोडी. आत गहू सरकल्याचा आवाज झाला. उंदरांची खुडबुड तिला ठाऊक होती, तसा नव्हता तो. खाटेवर कुणी कूस बदलावी, तसा जड होता.

"दादा," ती हळूच म्हणाली.

आवाज थांबला. कुणीतरी कान द्यावा तसा.

६

"वन्सं."

शहाणी दचकून वळली. दालनाच्या दारात वहिनी उभी होती. ओळखीची म्हणून पहारेकऱ्यानं आत सोडलं असावं. चप्पल एकाच पायात होती.

"त्यांच्या ऑफिसात जाऊन आले," वहिनी म्हणाली. "तिथल्या एकेक बाईजवळ जाऊन उभी राहिले, वास घ्यायला. हसल्या मला. एकीनं पाणी आणून दिलं." तिचा आवाज सपाट होता. "तुम्ही बहीण आहात त्यांची. तुमच्यापासून लपलं नसेल. कोण होती, तेवढं सांगा. मी भांडणार नाही. फक्त नाव."

शहाणीनं तोंड उघडलं. पण वहिनी तिच्याकडे बघतच नव्हती. तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. आंधळं माणूस भिंत चाचपत येतं तशी ती वासाच्या मागावर दालनातून चालत आली, बरणीशी थांबली. आतल्या शर्टाकडे पाहिलं. निळ्या रेघा. कॉलरच्या कडेला तिनंच कधीतरी घातलेले टाके.

मग ती शहाणीजवळ आली. अगदी जवळ. तिच्या मानेशी नाक नेलं आणि वास घेतला.

"तुम्ही होतात," ती म्हणाली.

"वहिनी, ऐका. या दालनासाठी—"

"थुंकले मी त्यांच्या फोटोवर. तुम्ही शेजारच्या खोलीत होतात."

"तुम्ही तरी काय कमी केलंत?" शहाणीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "शेक दिलात तो—"

"दिला. मला ठाऊक नव्हतं, वन्सं." वहिनी अजूनही ओरडत नव्हती. "तुम्हाला ठाऊक होतं."

 

वहिनीनं झाकणाला हात घातला. पुट्टी सुटलेलीच होती. काच बाजूला घसरली, फरशीवर पडून फुटली, आणि तो वास सबंध दालनात भरला. वहिनीनं बरणीत हात घातला. खांद्यापर्यंत.

"काढा हात!" शहाणी ओरडली. "वहिनी, आत गहू तापलाय, भाजेल—"

वहिनी शर्ट ओढत होती, आणि मध्येच थांबली. तिचा चेहरा बदलला. वर्षभरात शहाणीनं तो इतका निवांत पाहिला नव्हता.

"अहो, हळू," वहिनी म्हणाली. "ओढू नका. काढते मी."

आयुष्यभर जिनं प्रत्येक गोष्टीत डोकावून पाहिलं होतं, तिनं त्या क्षणी मान फिरवली. पाहिलं ते समोरच्या कपाटाच्या काचेत, धूसर. वहिनी दोन्ही हातांनी काहीतरी उचलून घेते आहे. बाह्यांतून गहू गळतो आहे. शर्टात मावेल त्याहून कितीतरी जास्त गहू, गळतोच आहे. मग वहिनीनं ते ओझं खांद्याशी घेतलं, झोपलेलं मूल घ्यावं तसं, आणि शर्टाची एक बाही तिच्या गळ्यावर पडली. पडली म्हणावं, तर बाही पडतेच. पण वहिनी दाराशी वळली तेव्हा ती बाही घसरू नये म्हणून घट्ट आवळली गेली.

७

शहाणीनं दालन झाडलं. दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. बरणीच्या तळाशी मूठभर गहू उरला होता. काचेचे तुकडे तिनं कागदात बांधले. बाहेर पायऱ्यांवर दाण्यांची एक बारीक रेघ रस्त्याकडे गेलेली होती, ती तिनं झाडली नाही. तिच्या बाजूबाजूनं चालत घरी गेली.

चालता चालता ती स्वतःला समजावत होती. ओल्या गव्हाचा गोळा होतो. गोळ्याला वजन असतं. दुःखानं माणसाचं डोकं फिरतं, आणि वहिनीचं फिरलं तर त्यात शहाणीचाही हात आहे, हे मान्य करायचं, माफी मागायची, डॉक्टरांकडे न्यायचं. या वेळी उशीर करायचा नाही.

संध्याकाळ होत होती. जिन्यात कुणाच्या तरी रेडिओचा आवाज होता. दाराशी आली तेव्हा आत वहिनीचं बोलणं चाललं होतं. हलक्या आवाजात, मध्ये थांबत, मध्ये हसत. इतकं ती दादाशीही कधी बोलली नव्हती. आणि आवाज खालून, जमिनीलगतून येत होता. वहिनी बसून बोलत असावी.

"वहिनी," शहाणीनं दारावर थाप मारली. "मी आहे. चुकलं माझं. दार उघडा."

बोलणं थांबलं. मग वहिनीचा आवाज आला. दाराच्या दिशेनं नाही, आत वळून.

"अहो, बहीण आलीय तुमची. उघडू का?"

शहाणीनं दाराला कान लावला. उत्तर काही तिला ऐकू आलं नाही. वहिनीला आलं असावं.

"बरं," वहिनी म्हणाली. तिची पावलं उठली, दारापासून लांब, आत स्वयंपाकघराकडे गेली. नळ सुटला. भांड्यावर भांडं वाजलं. वहिनी गुणगुणत होती.

शहाणीनं पिशवीतून आपली किल्ली काढली आणि कुलपात घातली. ती फिरवणार, एवढ्यात दाराच्या पलीकडे, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर, खरखर झाली. तिथे एक बोल्ट होता. गंजलेला, म्हणून कुणी लावत नसे. तो हलत होता. थोडा सरकला, अडकला. पुन्हा सरकला. बोटांची अजून सवय नसलेल्या कुणीतरी सगळा जोर लावून ढकलावा, तसा तो केसभर केसभर पुढे गेला आणि शेवटी ठक्कन बसला.

स्वयंपाकघरात नळ चालूच होता.